पॅकिंग नवं, गळती जुनी

गाडीखाली तेलाचा डाग पडला की पुण्यातल्या सोसायटीत दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागतो. लखनौत शेजारी येतात. अंगावर शाल, हातात चहाचा कप. ते डागापाशी थांबतात, वाकून बोट लावतात, बोट नाकाशी नेतात आणि खालच्या आवाजात सांगतात, "इंजन ऑयल है." मग थोडा वेळ कोणीच काही बोलत नाही. शेवटी तेच विचारतात, "बाकी घर में सब खैरियत?"

या शहराचं तेलाशी जुनं सख्य आहे. 1972 साली इथे सरोजिनीनगरात स्कूटर्स इंडिया हा सरकारी कारखाना निघाला. इटलीच्या इनोसेंटी कंपनीची लॅम्ब्रेटा बनवायची यंत्रं आपल्या सरकारने विकत घेतली आणि थेट कानपूर रोडला आणून बसवली. त्यांतून विजय सुपर ही स्कूटर निघाली आणि पुढे विक्रम नावाची तीनचाकी, जिला लखनौ टेम्पोच म्हणतं. स्कूटर टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये तेल मिसळूनच भरायचं आणि दोन्ही एकदम जाळायचं. तेल बाहेर जाणं हा तिथे बिघाड नव्हता, योजनाच तशी होती. 2021 मध्ये सरकारने कारखाना बंद करायचं ठरवलं, पण निळ्या धुरातून चारबाग स्टेशन गाठलेल्या पिढ्या अजून धडधाकट आहेत. त्यांच्यापुढे आमच्या छोट्या गाडीने मिनिटाला एक थेंब टाकावा ही अगदीच किरकोळ कामगिरी.

मी पडलो बँकेतला माणूस. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला. मिनिटाला एक म्हणजे दिवसाचे 1440 थेंब, म्हणजे 72 मिलिलिटर, म्हणजे दोन आठवड्यांत एक लिटर. आमच्या तीन सिलिंडरच्या गाडीच्या पोटात मुळात तीन लिटरच्या आसपास तेल. हा ताळेबंद मी शेजारच्या वकीलसाहेबांपुढे मांडला. ते म्हणाले, "हुजूर, गाडी रात को सोती भी तो है." मुद्दा बरोबर होता. इंजिन चालू असताना तेल गरम असतं, पातळ असतं, तेव्हाच ते खरं गळतं. गाडी उभी केल्यावर पडतो तो नुसता निथळ. पण वकिलाचा मुद्दा बरोबर असला म्हणून लगेच मान्य करायचा नसतो, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो आहे. मी विषय हवापाण्याकडे वळवला.

तर पॅकिंग. इंजिनाच्या डोक्यावर टॅपेटचं झाकण असतं आणि झाकण व डोकं यांच्यामध्ये कॉर्कची किंवा रबराची एक पट्टी असते. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी एकमेकांवर पुरते बसत नाहीत. मधली सूक्ष्म फट भरून काढायची एवढंच या पट्टीचं आयुष्यभराचं काम. इंजिनाच्या उष्णतेने ती वर्षागणिक टणक होत जाते, मग तिला चिरा पडतात, आणि तेल बाहेरचं जग बघायला निघतं. उपाय सोपा. जुनी पट्टी काढा, नवी घाला. भाग स्वस्त, काम तासाभराचं. मोटारीच्या दुरुस्तीत जे काम तासाभराचं म्हणून सांगतात त्यापासून माणसाने सावध राहावं. इंजिन उतरवायचं म्हटलं की सगळे निदान जागे तरी असतात.

हे काम लालबागेत होतं. लालबागला जाऊन येतो असं फोनवर सांगितलं की मुंबईचे नातेवाईक आमच्याही वतीने पाया पडायला सांगतात. लखनौचं लालबाग वेगळं, हजरतगंजाच्या अलीकडे. इथेही रांग असते आणि इथेही नवस बोलतात, पण ते क्लचप्लेटसाठी. काउंटरवर पॅकिंग मागितलं की समोरचा माणूस आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या बुटांकडे, आणि विचारतो, "कंपनी का दें, या कंपनी जैसा?" तिसरा प्रकार दिल्लीच्या काश्मिरी गेटहून आलेला असतो. त्याच्याबद्दल एवढंच सांगतात, "ये भी चलता है." कुठपर्यंत, ते तुम्ही विचारायचं नसतं.

आमचे उस्ताद त्याच गल्लीत बसतात. त्यांच्याइतका सभ्य माणूस मी मोटारीच्या धंद्यात पाहिला नाही. गाडीबद्दलसुद्धा ते आदरार्थी बोलतात. "इनको कब से तकलीफ है?" असं त्यांनी बॉनेट उघडताना विचारलं तेव्हा मी मागे वळून बायकोकडे पाहिलं. गाडी गळते असं ते कधीच म्हणाले नाहीत. म्हणाले, "जरा पसीज रही हैं." ग्राहकासाठी स्टूल, स्टुलावर धुतलेला कपडा, चहा काचेच्या पेल्यात. एवढं सगळं झाल्यावर त्यांनी आतल्या बाजूला नुसती मान वळवली आणि म्हणाले, "छोटू."

छोटू म्हणजे सहा फूट उंचीचा, दंडावर तावीज बांधलेला, पंचविशीतला जवान. लखनौची सारी नजाकत उस्तादांवर संपते आणि छोटूपासून पंजाब सुरू होतो. त्याने झाकण काढलं, जुनं पॅकिंग ओढलं. जे आलं ते आलं, जे चिकटून राहिलं ते त्याने अंगठ्याने चाचपून "ठीक है" म्हटलं. नवं पॅकिंग बसवलं, झाकण ठेवलं, आणि पान्याला एक लोखंडी पाईप जोडून बोल्ट असे आवळले की गाडी पुढच्या चाकांवर किंचित बसली. उस्ताद माझ्याशी बोलण्यात गुंतलेले होते. विषय मराठी लोकांची सचोटी.

घरी आल्यावर गळती बंद. डिसेंबर होता. लखनौच्या डिसेंबरात सकाळी दहापर्यंत माणसंसुद्धा घट्ट झालेली असतात, तेल तर काय. गार तेल जाड होतं, फटीतून सरकायला आळस करतं. आम्ही मात्र श्रेय उस्तादांना दिलं आणि चौकात गोलदरवाज्यापाशी जाऊन मक्खन-मलाई खाऊन हा प्रसंग साजरा केला. फेब्रुवारीत ऊन चढलं, मक्खन-मलाई हातगाडीवरून गेली आणि डाग परत आला. आधी होता त्याहून मोठा. शिवाय आता गाडी सिग्नलला थांबली की बॉनेटमधून जळक्या तेलाचा वास. तेल सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर पडत होतं. डागाची गंमत संपते ती इथे, कारण त्या नळीवर फार तेल साचलं तर पेट घेऊ शकतं. वकीलसाहेबांनी त्या दिवसापासून आपली गाडी आमच्या गाडीपासून दोन हात लांब लावायला सुरुवात केली. कारण विचारल्यावर म्हणाले, सावली तिकडे चांगली आहे.

मराठी आहे म्हटल्यावर लखनौचे लोक दोन गोष्टी गृहीत धरतात. एक, घरी गणपती बसतो. दोन, गाण्यातलं कळतं. दुसऱ्या गैरसमजाची जबाबदारी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्यावर. 1926 साली त्यांच्या पुढाकाराने इथे मॅरिस कॉलेज निघालं, श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ते पुढे कित्येक वर्षं सांभाळलं, आणि आज कैसरबागेत भातखंड्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. त्या पुण्याईवर मला उस्तादांकडे मानाचं पान मिळालं. त्यांनी लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ स्वतःच्या कानाला लावली, डोळे मिटले आणि मग तो पेचकस माझ्या हातात देऊन म्हणाले, "आप तो सुर वाले लोग हैं. सुनिए." मी ऐकलं. आत काहीतरी खडखडत होतं. "खर्ज ठीक आहे," मी म्हणालो. उस्तादांनी दाद दिली. या शहराच्या झवाई टोल्यात हकिमांच्या घराण्याने 1902 मध्ये तकमील-उत-तिब कॉलेज काढलं. तिथे नाडी बघून रोग ओळखायचं शिक्षण मिळायचं. त्या विद्येचा काही अंश लालबागपर्यंत झिरपला आहे यात शंका नाही. फरक एवढाच, की नाडीवरून तेलाची गळती कळत नाही. ती आवाज करत नाही.

भातखंड्यांनी देशभर फिरून घराणेदार उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या आणि सगळ्या रागांची दहा थाटांत मांडणी केली. मीही त्यांच्याच चालीने लालबाग, ऐशबाग, निशातगंज असा फिरलो आणि मिस्त्र्यांची मतं गोळा केली. दहा थाट काही भरले नाहीत, पण घराणी स्पष्ट दिसली. एक घराणं सीलवाल्यांचं. तेल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून टपकतंय ना, मग क्रँकचं मागचं सील गेलं. गिअरबॉक्स उतरवा, दोन दिवस गाडी विसरा. हे घराणं सगळ्यात विलंबित आणि सगळ्यात महाग. चेंबरवाल्यांचं म्हणणं, खालचं चेंबर खोला, पाप खालीच असतं. सिलिकॉनवाले खोलण्याच्या भानगडीतच पडत नाहीत. त्यांच्याकडे ट्यूब असते, आणि दिसेल त्या सांध्यावर ते बोटाने एक जाड रेघ ओढतात. आतल्या बाजूला दाबला गेलेला सिलिकॉन सुटून तेलाच्या जाळीत अडकला की पंपाला तेल मिळत नाही आणि इंजिनच जातं. पण ते वेगळ्या घराण्याचं काम. निशातगंजच्या एका सज्जनांनी गाडीकडे न बघताच सांगितलं, "गाढा तेल डलवा लीजिए." वीस-पन्नास घाला, फटीतून जाणारच नाही. त्यांच्याच शेजाऱ्याकडे एक औषधाची बाटली होती, तेलात ओतायची. त्या द्रवाने रबराची जुनी सीलं फुगतात आणि काही काळ फट बुजते. फुगलेलं रबर पुढे काय करतं हे विचारल्यावर तो म्हणाला, "आगे की आगे देखी जाएगी."

यातल्या एकानेही इंजिन पुसून बघितलं नव्हतं. हे मला फार नवलाचं वाटलं. तेल नेहमी वरून खाली येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून थेंब जिथे पडतो तिथे चोर असेलच असं नाही. चोर बहुधा वरच्या मजल्यावर, पुढच्या खोलीत. लखनौतल्या कुठल्याही वाड्याच्या छतावरचा ओलाव्याचा नकाशा बघून हे कोणीही सांगेल. पण घर आणि इंजिन यांचे तज्ज्ञ वेगळे.

शेवटी एका रविवारी मीच कामाला लागलो. डिस्ट्रिब्युटरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली, रॉकेलमध्ये ब्रश बुडवून इंजिन घासलं, कोरडं केलं आणि घरातला पावडरीचा डबा आणून सगळीकडून पांढरं केलं. बायको गॅलरीतून बघत होती. "अहो, ती माझी गुलाबाची आहे," ती म्हणाली. "साधी होती की कपाटात." पण काम गुलाबाने चोख झालं. गाडी कॉलनीत फिरवून आणली आणि बॉनेट उघडलं, तर पांढऱ्या पावडरीवर काळी ओली रेघ उठलेली. टॅपेटच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेली, डोक्यावरून उतरलेली, आणि बरोबर गिअरबॉक्सच्या सांध्याशी पोचलेली. सील निर्दोष. चेंबर निर्दोष. गळत होतं ते नव्या कोऱ्या पॅकिंगमधूनच. इंजिन तापल्यावर गुलाब असा काही दरवळला की वकीलसाहेब बाहेर आले आणि चौकातल्या कुठल्या दुकानातून इत्र आणलंत म्हणून विचारू लागले.

तशीच गाडी उस्तादांकडे नेली. बॉनेट उघडून ते दोन पावलं मागे सरले. "माशाअल्लाह. आपने तो दुल्हन बना दिया." मी रेघ दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून, चष्मा काढून, अशी दोन्ही प्रकारे पाहिली. पॅकिंगचा दोष आहे असं मी म्हणालो नाही, आणि नाही असं ते म्हणाले नाहीत. बराच वेळ आम्ही दोघांनी मिळून तो दोष कोणावरही बसू दिला नाही. मग ते म्हणाले, "थोड़ा और कस देते हैं. छोटू!"

पाईप आला.

इथे जरा बोल्टाबद्दल बोललं पाहिजे. टॅपेटच्या झाकणाच्या बोल्टाला पुष्कळ गाड्यांत दहा न्यूटन-मीटरच्या आतबाहेर जोर पुरतो. म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाशी साधारण पाच किलोचा दाब. मनगटाने, दोन बोटांत पाना धरून होतं. त्याहून जास्त पिळलं तर पॅकिंग चिरडून बाहेर येतं आणि पत्र्याचं झाकण बोल्टापाशी खाली दबून दोन बोल्टांच्या मध्ये उचललं जातं. म्हणजे जितकं आवळावं तितकी फट मोठी. ही माहिती मला पुण्याच्या मावसभावाने फोनवर दिली. त्याचं नाना पेठेत पार्ट्सच्या दुकानांत रोजचं जाणं-येणं. त्याची सांगायची रीत अशी: "दादा, तुम्ही तिकडे शिकायला गेलाय का आवळायला?" लखनौत राहून कान फार नाजूक होतात, मला ते ऐकून दोन दिवस वाईट वाटलं.

गंमत अशी, की जोर कुठे थांबवायचा हे या शहराइतकं कोणाला कळत नाही. उस्तादांच्या घरी चिकनचं काम चालतं. दुकानाच्या वरच्या खोलीत बायका फ्रेम मांडीवर घेऊन बसलेल्या असतात. चिकनातली जाळी कापड कापून करत नाहीत. मलमलीचे धागे सुईने हलकेच बाजूला सारून, ताणून, जागच्या जागी बांधतात. केसभर जास्त ओढलं तर कापड फाटतं, कमी ओढलं तर भोक उघडत नाही. टॅपेटचा बोल्ट म्हणजे तोच टाका. वरच्या मजल्यावर पिढ्यान्‌पिढ्या जमलेली गोष्ट खालच्या मजल्यावर छोटूपर्यंत पोचायला मध्ये फक्त एक जिना होता.

छोटूने पुन्हा आवळलं. एका बोल्टाचे आटे गेले. त्या रात्री गाडीने तेलाचा असा काही सडा घातला की सकाळी कॉलनीतल्या मांजराने रस्ता बदलला.

उस्तादांच्या दुकानात एक बाक आहे आणि बाकावर एक चचा बसतात. रोडवेजच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, पांढरी दाढी, हातात उर्दू वर्तमानपत्र. मी तिथे जायला लागल्यापासून त्यांना बघत होतो. चहा आला की त्यांचा एक कप असायचा, बाकी ते कोणाच्या अध्यात नसत. आटे गेलेला बोल्ट हातात घेऊन मी, उस्ताद आणि छोटू अशा तिघांनी शोकसभा भरवलेली असताना मी सहज, काहीतरी बोलायचं म्हणून, त्यांच्याकडे वळलो. "चचा, आपका क्या खयाल है?"

चचांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "डिपस्टिक ऊपर आ जाती है क्या?"

येत होती. तेल मोजायची काडी रोज सकाळी बोटभर वर सरकलेली असायची. मी ती दाबून बसवायचो. वकीलसाहेबांना कॉलनीतल्या पोरांचा संशय होता.

चचा उठले, इंजिनाच्या वरच्या बाजूने एअर फिल्टरकडे जाणारी एक रबरी नळी त्यांनी काढली, तोंडाशी धरली आणि फुंकली. फुंकर पलीकडे गेलीच नाही. नळी काळ्या, चिकट राळेने ठासून भरलेली. हा ब्रीदर. इंजिन चालताना सिलिंडरमधला थोडासा वायू पिस्टनच्या रिंगांच्या कडेने निसटून खाली तेलाच्या जागेत उतरतो. प्रत्येक इंजिनात उतरतो, जुन्यात जास्त. तो बाहेर पडायला ही एक नळी असते. ती तुंबली की आत दाब वाढतो आणि तो दाब तेलाला घेऊन सगळ्यात दुबळ्या सांध्यातून वाट काढतो. पॅकिंग कंपनीचं घाला, कंपनीसारखं घाला, छोटूला आणखी दोन भाऊ आणून आवळा, वाफ आपली वाट काढणारच.

"आप इतने दिन से यहीं बैठे थे," मी म्हणालो. जरा आवाज चढला असावा, कारण उस्तादांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. "बताया क्यों नहीं?"

"उस्ताद बोल रहे थे," चचा म्हणाले. "बीच में कैसे बोलता? और आपने पूछा ही नहीं."

लखनौवर लेख लिहायचा तर दोन नवाब आणि सुटलेली आगगाडी हा किस्सा सांगावाच लागतो असा बहुधा नियम आहे. तो मी मोडतो. त्या नवाबांची फक्त गाडी चुकली. त्यांच्या सौजन्याने कोणाचे आटे गेले नाहीत.

पुढचं काम चचांच्या देखरेखीखाली झालं. आता विचारलं होतं, त्यामुळे ते बोलायचे थांबेनात. झाकण परत उतरलं. कडेला जुन्या पॅकिंगचे तुकडे पहिल्या दिवसापासून तसेच चिकटलेले होते आणि नवं पॅकिंग त्यांच्या डोक्यावर बसलं होतं. छोटूला बोथट पातं देऊन ते खरवडायला बसवलं. ओरखडा उठला तर मजुरी कापीन असा दम चचांनी, अत्यंत अदबीने, दिला. काच आणून तिच्यावर झाकण पालथं ठेवलं, तर ते खुर्ची हलावी तसं हललं. बोल्टाच्या भोकांभोवतीचा पत्रा लाकडाच्या ठोकळ्यावर हळूहळू ठोकून सपाट केला. गेलेल्या आट्यांच्या जागी नवा आटा बसवून आणला. ब्रीदरची नळी रॉकेलमध्ये भिजवून बघितली, तिने दाद दिली नाही, मग सरळ नवी घातली. ती पॅकिंगपेक्षाही स्वस्त निघाली. सिलिकॉन लागला तो फक्त मागच्या अर्धगोल कोपऱ्यांत, मुगाएवढा, आणि तो वाळेपर्यंत गाडी सुरू करायची नाही असं ठरलं. हा शेवटचा नियम पाळणं सगळ्यांना सगळ्यात अवघड गेलं. छोटूचा हात दर पाच मिनिटांनी किल्लीकडे जायचा.

बोल्ट आवळताना चचांनी पाईप स्वतःच्या बाकाखाली ठेवून घेतला. मधल्या बोल्टापासून सुरुवात, तिथून बाहेर, समोरासमोर, आणि एकदम नाही. आधी सगळे नुसते टेकवायचे, मग थोडे, मग पुरते. मावसभावाचं न्यूटन-मीटर मी सांगून पाहिलं. चचांनी ते ऐकून घेतलं आणि छोटूला म्हणाले, "जितने में अम्मी सुई खींचती हैं, उतना." छोटू पहिल्यांदाच दोन बोटांनी पाना फिरवत होता. त्याच्या चेहऱ्यावर लाजल्यासारखे भाव होते.

हे सगळं होत असताना उस्ताद मला इमामबाड्याची गोष्ट सांगत होते. 1784 च्या दुष्काळात नवाब आसफउद्दौलाने बडा इमामबाडा बांधायला काढला तो लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. सांगतात, दिवसा मजुरांनी बांधलेलं रात्री खानदानी लोक येऊन पाडून टाकत, अंधारात, म्हणजे मजुरी करताना त्यांचे चेहरे कोणाला दिसू नयेत. तेवढा मोठा दिवाणखाना, सुमारे पन्नास मीटर लांब, आणि त्यात तुळई नाही, लोखंड नाही. "एक बोल्ट नहीं, साहब," उस्ताद म्हणाले. त्यांच्या आवाजात व्यवसायाबाहेरचा आदर होता. मी बिलाकडे बघत होतो. दिवसा बसवलेलं काढायचे पैसेही त्यात होते.

गळती थांबली. या वेळी मे महिन्यात थांबली, म्हणजे थंडीला श्रेय द्यायची सोय नाही. डिपस्टिक जागेवर. जळका वास नाही. गाडीखाली मी महिनाभर पुठ्ठा पसरून ठेवला. तो कोरडाच राहिला. शेवटी वकीलसाहेब तो मागून घेऊन गेले. कशाला ते बोलले नाहीत, पण त्यांच्या गाडीलाही वय झालं आहे आणि ते आजकाल सकाळी आमच्याकडे न येता स्वतःच्याच गाडीखाली वाकलेले दिसतात. उस्ताद येणाऱ्या-जाणाऱ्याला आमची गाडी दाखवतात आणि सांगतात की पॅकिंग आम्ही पहिल्याच दिवशी उत्तम घातलं होतं, फक्त हवा अडली होती. चचा मान डोलावतात. त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

एक घोटाळा मात्र झाला. गाडी गळत होती तोवर मी दर आठवड्याला वरून ताजं तेल भरत असे, त्यामुळे ते कधी काळं पडायचंच नाही. आता आत आहे ते आतच राहतं, काळं होतं, आणि ठरलेल्या किलोमीटरला बदलावं लागतं. परवा त्यासाठी लालबागला गेलो. उस्तादांनी स्टूल पुसलं, चहा सांगितला. गाडीखाली परात सरकवून जुनं तेल काढलं, नवं वॉशर घातलं, ड्रेनचा बोल्ट परत लावायची वेळ आली. चचा जुम्म्याच्या नमाजला गेले होते. बाकाखालचा पाईप बाकाखाली नव्हता.

"छोटू," उस्ताद माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "साहब अपने आदमी हैं. जरा अच्छे से कस देना."